त्र्याहत्तरावा नाताळ

आत्याबाईंना कुणी वय विचारलं की त्या वर्षं सांगत नसत, नाताळ सांगत. "एवढ्या डिसेंबरात त्र्याहत्तर भरतीन," असं त्या मला पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. मी मनातल्या मनात १९७२ मधून त्र्याहत्तर वजा करून त्यांचं जन्मसाल काढलं. ते चुकलं होतं. बुलढाण्याच्या अनाथाश्रमातला त्यांचा पहिला नाताळ १९०० सालचा, आणि मोजणी तिथून सुरू होत होती. त्याआधीची चार की पाच वर्षं त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. ती सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. देऊळगाव राजाकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि चुलत्याचं. त्या जूनमध्ये बाबांनी मला एसटीनं बुलढाण्याला आणलं आणि आत्याबाईंच्या दारात उभं केलं. पाळकसाहेबांनी आधी शब्द टाकून ठेवला होता. महिन्याला काय द्यायचं, हे विचारायला बाबांची जीभ उचलेना. आत्याबाईंनीच विषय मिटवला. "त्याले भाकर थापता येते का?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, नाही. "मंग शिकंल," त्या म्हणाल्या आणि माझी पिशवी आत नेऊन ठेवली. दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो. त्या दोन वर्षांचा एक पैसाही आमच्या घरून त्यांना कधी गेला नाही.

त्यांना सख्खं असं कुणीच नव्हतं, आणि मिशनच्या आवारातली तीन पिढ्यांची माणसं त्यांना आत्याबाई म्हणायची. नवरा तरुणपणीच गेलेला. पुढे आयुष्यभर त्यांनी बायबलबाई म्हणून काम केलं. खांद्याला झोळी लावून गावोगाव पायी जायचं, बायांना अक्षरं शिकवायची, शुभवर्तमान सांगायचं, बाळंतपण निघालं तर तेही करायचं. मी गेलो तेव्हा पाय थकले होते. पण पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात बोटाखाली ओळ धरून वाचणं चुकत नसे.

त्या ज्या दुष्काळातून आल्या, त्याला आमच्याकडची जुनी माणसं छप्पन्नचा काळ म्हणत. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. त्या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढायची ती घटली. १८९१ ला जवळपास २९ लाख होती, ती १९०१ ला साडेसत्तावीस लाखांवर आली. कापसानं श्रीमंत म्हणवणाऱ्या मुलखाची ही गत. दुष्काळाच्या थोडं आधी, १८९८ साली, एम. डी. वूड आणि त्यांचे सोबती अमेरिकेहून बुलढाण्याला आले होते. पुढे ज्याला नाझरीन मंडळी हे नाव मिळालं, त्या कामाची हिंदुस्थानातली ही सुरुवात. आले होते उपदेश करायला. वर्ष-दीड वर्षात रस्त्याकडेला पोरकी पोरं दिसू लागली, तेव्हा ती उचलून आणायची, धुवायची, पेज पाजायची, हेच त्यांचं पहिलं मोठं काम झालं.

'नाझरीन' या नावाचा अर्थ मला आत्याबाईंनी सांगितला. नाझरेथ हे लहानसं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं गाव. येशू तिथला, म्हणून नाझरेथकर. १८९५ साली लॉस एंजेलिसमध्ये गोरगरिबांत काम करायला काही माणसं एकत्र आली, तेव्हा त्यांनी मुद्दाम हे खेडवळ नाव घेतलं. कष्टकऱ्यांत वाढलेल्या, अंगाला सुताराच्या भुशाचा वास असलेल्या ख्रिस्ताशी नातं सांगायचं म्हणून. "आपलं नावच गावंढळ हाये," त्या म्हणायच्या, "ते ध्यानात ठेवत जाय." मी ध्यानात ठेवलं नाही. ते पुढे येईलच.

जन्मतारीख नसल्याचं त्यांना दुःख नव्हतं. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी जन्म हाच अर्थ आहे. आश्रमातल्या ज्या मुलांचा वाढदिवस कुणालाच ठाऊक नव्हता, त्यांनी तो एकच जन्मदिवस सगळ्यांत वाटून घेतला होता. त्यावर आत्याबाईंचं आणखी एक म्हणणं होतं. ज्याचा दिवस आपण पाळतो त्याची तरी तारीख कुठे कुणी लिहून ठेवली? मत्तय आणि लूक दोघं जन्माची हकिगत सांगतात, तारीख कुणीच देत नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जाऊ लागला. "त्याचीबी तारीख नाई, माह्यीबी नाई," त्या म्हणायच्या. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद असे, की जणू एकाच घरातली दोन भावंडं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. घाटावरच्या जमिनी तशाही मुरमाड, त्यात पेरलेलं सगळं करपलं. दिवाळीच्या आत गावची पत्रं येऊ लागली: बैल विकले, विहीर आटली, बाबा आणि माय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जातात. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडेनं चिरायची आणि तव्यावरून उतरवेपर्यंत वातड व्हायची. आत्याबाईंनी मला भाकरी थापायला शिकवली ती या मिलोवर. पीठ उकळत्या पाण्यात कसं भिजवायचं, तळव्यानं किती मळायचं, कडा कशा सांभाळायच्या. त्यानंतर कुठलीही ज्वारी मला अवघड गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तर राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मायच्या पत्रातलं अक्षर बदललं आहे. ती स्वतः लिहीत असे, आता कुणाकडून तरी लिहून घेत होती. तिच्या हातांचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी नाताळाच्या तयारीची बैठक भरली. मंडळी म्हणजे आमच्या बोलीत चर्चची सगळी माणसं. बहुतेक सगळी आली होती, आम्ही पोरं मागच्या सतरंजीवर. दर वर्षी काय असायचं? चर्चवर बांबूचा मोठा तारा, रंगीत पताका, घरोघर करंज्या-शंकरपाळे, रात्री पेटी-ढोलकी-टाळ घेऊन गाण्यांची फेरी, मुलांचं नाटक, पंचविसाला जेवण. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या फेरीत असतच. त्यांनी ख्रिस्ताला अभंग आणि ओवीत आणून बसवलं, म्हणून तर फेरी निघाली की गल्लीतले शेजारी थांबून ऐकत. वडील मंडळींचं म्हणणं पडलं की या वर्षी खर्च निम्मा करावा, पण तारा आणि पोरांचा खाऊ राहू द्यावा. लेकरांचा हिरमोड नको. म्हणणं वाजवीच होतं. मला तर ते फारच पटलं.

आत्याबाई सहसा बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी भिंतीला हात लावून उठल्या.

"ज्ञानी लोकांनी तारा पाह्यला," त्या म्हणाल्या. "मंग ते आपल्या घरीच बसले का? तारा चालला तसे त्याच्या मांगं चालले. जिथं लेकरू होतं तिथं तारा थांबला. आपन तारा आपल्याच दारावर टांगतो, अन् त्याच्याखाली बसून फराळ करतो."

कुणीच काही बोललं नाही. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "आत्याबाई, यंदा तारा कुठं थांबलाय असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी तलावाच्या एका कामाचं नाव घेतलं. ते आमच्या गावाजवळचं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

ठरलं ते असं: फराळ कुणीच करायचा नाही. प्रत्येक घरानं जमतील तेवढ्या भाकरी करायच्या, वर्गणीतून बेसन आणि तेल घ्यायचं, आणि पंचविसाची उपासना सकाळी लवकर आटोपून सगळ्यांनी कामावर जायचं. तिथल्या माणसांत दोन घरं आपली आणि बाकी सगळी परकी, अशी विभागणी करायची नाही, हे पाळकसाहेबांनी बजावून सांगितलं. खाणाऱ्याला पत्रक द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही. यावर थोडी कुरबूर झाली. मिशनचं काम म्हणजे वचन सांगणं, असं मानणारे जुने लोक होते, आणि तेही मनापासून मानणारे. पण भुकेल्याच्या हातात भाकरी आणि पुस्तक एकदम दिलं तर त्याला वाटेल की भाकरीची किंमत मागताहेत, हे पाळकसाहेबांचं उत्तर मला आजही बरोबर वाटतं.

गव्हाणीचा देखावा मात्र करायचा होता. आम्ही पोरांनी विटा-फळ्यांचा गोठा केला आणि कडब्याची एक पेंढी मागून आणली. आत्याबाईंनी ती पाहिली आणि माझ्या हातातून काढून घेतली. त्या साली कडब्याला सोन्याचं मोल होतं, जनावरं छावणीत हाडं होऊन उभी होती. "गुराच्या तोंडचा घास हाये, शोभेले नाई," त्या म्हणाल्या. मग बाळ येशू त्या वर्षी उघड्या लाकडावर निजला. मला तेव्हा तो देखावा भकास वाटला. आता वाटतं, तितका खरा देखावा आमच्या चर्चमध्ये पुन्हा झाला नाही. त्या डिसेंबरात आमच्या गावातली प्रत्येक गव्हाण तशीच होती, खालचं लाकूड दिसणारी.

चोवीस तारखेला रविवार होता. संध्याकाळपासून आवारातल्या सगळ्या चुली पेटल्या. घाटावरची डिसेंबरातली थंडी बोचरी असते, पण त्या रात्री कुणाला शेकोटी लागली नाही. बाया थापत होत्या, आम्ही पोरं पीठ भिजवायला नि भाकऱ्या फडक्यात गुंडाळायला. गाण्यांची फेरी निघाली नाही, गाणी चुलीपाशीच झाली. मध्यरात्री कुणीतरी घंटा वाजवली, तेव्हा पिठाच्याच हातांनी सगळ्यांनी एकमेकांना सलाम केला.

सकाळी आत्याबाईंनी मला नवा शर्ट दिला. पांढराशुभ्र, कडक कापडाचा, शिंप्याकडून शिवून आणलेला. नवा शर्ट मला त्याआधी कधी मिळाला नव्हता, नेहमी चुलतभावाचा उतरलेला. उपासनेत मी पुढच्या बाकावर बसलो. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ 'भाकरीचं घर', असं पाळकसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं. भाकरीच्या घरात, गुरांच्या खाण्याच्या जागी ठेवलेलं बाळ, जे पुढे स्वतःला भाकरी म्हणवून घेणार होतं. उपदेश दहा मिनिटांचाच होता. बाहेर ट्रक उभा होता.

चिखली मागे पडली तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रंग सुरू झाला. आत्याबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर ती कडब्याची पेंढी. कामावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माणसांच्या रांगा आणि खडीचे ढीग, दोन्हींवर सारखीच धूळ. पंगती बसवल्या. माझ्याकडे भाकरीची टोपली आली.

तिसऱ्या पंगतीच्या मध्यावर माय बसली होती. मी तिला ओळखलं ते तिच्या बसण्यावरून. चेहरा धुळीनं राखाडी झाला होता, लुगडं खांद्यावर फाटलेलं आणि दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या. तिनं मला आधीच पाहिलं होतं. ती हसली. माझ्या शेजारी पाळकसाहेबांचा मुलगा पिठलं वाढत होता, माझ्याच वर्गातला. मी टोपली त्याच्या बहिणीच्या हातात दिली, "त्या बाजूला कमी आहेत" असं काहीतरी पुटपुटलो आणि पलीकडच्या पंगतीला गेलो.

मागे वळून पाहिलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पाहिलं. माय हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं मला हाक मारली नाही. पोराच्या नव्या शर्टाला आपली धूळ लागू नये, असं तिला वाटलं असणार. तिच्या समोर आत्याबाई वाकल्या होत्या. पंगतीत पाणी फिरत होतं, त्यातला तांब्या घेऊन त्यांनी मायच्या हातांच्या चिंध्या सोडल्या, हात धुतले, पदरानं पुसले आणि भाकरी मोडून तिच्या तळव्यावर ठेवली. मग तिच्याशेजारीच मातीत बसून स्वतः जेवल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. निघताना मी मायच्या पाया पडलो, तिनं माझ्या केसांवरून मनगट फिरवलं, बोटं नाही. बाबा म्हणाले, अभ्यास कर.

रात्री घरी आल्यावर आत्याबाई रागावतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी दिवा बारीक केला आणि घोंगडीवर बसून आपल्या पहिल्या नाताळची गोष्ट सांगितली.

आश्रमात त्या दिवशी प्रत्येक मुलाला एक आख्खी भाकरी आणि गुळाचा खडा मिळाला. कित्येक महिन्यांत त्यांनी आख्खी भाकरी पाहिली नव्हती. त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी परकराच्या सोग्यात बांधून ठेवली, मायसाठी. माय कशी दिसायची ते आठवत नव्हतं. एका झाडाखाली तिनं बसवलं होतं आणि आत्ता येते म्हणाली होती, एवढंच आठवत होतं. ती अर्धी भाकरी त्यांनी कितीतरी दिवस जपली. मुंग्या लागल्या, बुरा आला. मुलांकडे पाहणाऱ्या बाईंना ती सापडली, पण त्यांनी फेकली नाही. दुसरी अर्धी आणून दिली. म्हणाल्या, ही ताजी ठेव, आई आली तर शिळी कशी द्यायची?

"दर दोन दिवसांनी ती बाई मले ताजी अर्धी भाकर द्यायची," आत्याबाई म्हणाल्या. "मीच एक दिवस म्हनलं, आता नको. तोवर तिनं नाई म्हनलं नाई. माह्यी माय काही आली नाई. आली असती तं धुळीनं भरलेलीच आली असती ना?"

एवढंच. तुझी माय समोर बसली होती, असं त्या म्हणाल्या नाहीत. दिवा मालवला. मी घोंगडी तोंडावर ओढून रडलो आणि त्यांनी मला रडू दिलं.

त्या शर्टाचं कापड कुठून आलं ते मला काही वर्षांनी पाळकसाहेबांच्या पत्नीकडून कळलं. आत्याबाईंनी आपल्या प्रेतावर घालायला पांढरं कापड घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. मागे कुणावर खर्चाचा भार नको म्हणून. पहिल्या पगारात मी तेवढंच कापड नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते हातानं चाचपून पाहिलं, पोत चांगला आहे म्हणाल्या. पुढच्या खेपेला गेलो, तर त्यांच्याकडे राहायला आलेला एक नवा मुलगा अंगणात अभ्यास करत बसला होता. त्याच्या अंगातला शर्ट मी ओळखला.

पण मला सांगायचं आहे ते १९७३ च्या नाताळचं. त्या वर्षी पाऊस झाला. पीक निघालं. चोवीस तारखेला दुपारच्या एसटीनं माय एकटी बुलढाण्याला आली. डोक्यावर नव्या ज्वारीचं गाठोडं, कमरेला गुळाची ढेप. स्टँडवर मी न्यायला गेलो होतो. गाठोडं तिनं मला घेऊ दिलं नाही, मी बळंच घेतलं. तिच्या तळहातांवर घट्टे होते, पांढरे पडलेले. चर्चवर यंदा तारा लागला होता. आत्याबाईंनी तो पाहून काही म्हटलं नाही. पण चार दिवस आधीच भाकऱ्यांची फडकी घेऊन पोरांना बसस्टँडमागच्या पालांवर धाडलं होतं.

माय आणि आत्याबाई संध्याकाळभर चुलीपुढे बसल्या. एक थापायची, एक शेकायची. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक फार काही बोलत नव्हत्याच. जेवणं झाली. मायनं फडताळातून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि पाट अंगणात, कंदिलापाशी ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "उद्या चर्चात जायचं, डोकं पाहा कसं कोरडं झालं."

आत्याबाई आधी नको नको म्हणाल्या. मग बसल्या. मायनं त्यांचा लहानसा पांढरा अंबाडा सोडला, तेल तळव्यावर घेतलं आणि टाळूवर जिरवायला लागली. मी उंबऱ्यावर बसलो होतो. आत्याबाईंचे डोळे हळूहळू मिटले, खांदे सैल झाले, आणि चौऱ्याहत्तराव्या नाताळच्या त्या रात्री त्यांनी झोपेतल्यासारख्या आवाजात विचारलं, "कितीक बाकी हाये माय?"

"थोडंसं," माय म्हणाली. "मान जराशी इकडं करा."